बाळाला बघायला गेलेला राजा

नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्या कोलूसाठी आज बाहुल्यांची पेटी उघडली. वाळक्या कडुलिंबाचा वास आला, पगडीवाला राजा हाती लागला आणि मी मनानं थेट कॉलेजच्या दिवसांत, तिथल्या चॅपलपुढे जाऊन उभी राहिले.

नाताळच्या देखाव्याची स्पर्धा होती. बाळ येशूला भेटायला येणाऱ्या तीन राजांपैकी एक आमच्या वर्गातल्या स्टेलाच्या हातून फुटला. परीक्षक तासाभरात येणार होते.

"थांबा, आमच्या घरी राजा आहे!" मी ओरडले आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीकडे सायकल पिटाळली.

कोलूतली बाहुली आई कधी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. त्या दिवशी मी धापा टाकत सगळं सांगितलं, तशी ती पेटीपाशी गेली आणि राजाला पदरानं पुसून माझ्या हाती दिलं.

देखाव्यातल्या गोठ्यापुढे आमचे मिशाळ महाराज बघून सिस्टर खळखळून हसल्या. "ते राजेही पूर्वेकडचेच होते. चालतील!" पोरींनी एकच गिल्ला केला. मग सिस्टर वाकल्या. "यांच्या कमरेला ही कसली पुडी?"

मलाही ठाऊक नव्हतं. सोडली, तर आत खडीसाखर.

चर्चची पायरी कधी न चढलेल्या माझ्या आईनं राजाला बाळ बघायला रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं.