हलवलेला घट

गेली कित्येक वर्षं मी नवरात्रात देवीच्या मंदिरात माझा एक अनुभव सांगत आलो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. त्यातला एक भाग खोटा आहे. माझी बायको, ही, आता नाही, माझंही वय झालं, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

आणीबाणी उठली त्या वर्षी महाल भागातला माझा छापखाना बुडाला. कागदवाले, शाईवाले, किराणावाला, सगळ्यांचं देणं डोक्यावर, आणि प्रताप नगरचं घर बँकेकडे गहाण. फेडणं हाताबाहेर गेलं, तेव्हा मी कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला. आता घरातली चमचा-वाटीही जाणार, असं मनाने घेतलं. देवावरचा विश्वासही उडाला होता. तरीही रीत म्हणून घट बसवला, आणि तो बसवताना मी हिच्या सोन्याच्या पाटल्या घटाखालच्या मातीत पुरल्या. बसलेला घट नऊ दिवस कोणी हलवत नाही, हे मला माहीत होतं. ही तेवढंच म्हणाली, "देवीले चोर काहून बनवून राहिले तुम्ही?" मी मातीत गहू पेरत राहिलो.

पाचव्या माळेला कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरचा कारकून सामानाची यादी करायला आला. साधा, उन्हात रापलेला माणूस. देवघराच्या दाराशी त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि विचारलं, "काका, इथं काही आहे काय?" मी म्हणालो, "काही नाही." त्याने तसं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला.

पेन माझ्या हातात असताना ही उठली. अखंड दिवा बाजूला केला, घट दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवला. माती सांडली, कोवळे अंकुर आडवे झाले. तिने पाटल्या पदराला पुसून त्याच्यापुढे ठेवल्या. "माह्या मायच्या होत या. लिहून घ्या."

मला वाटलं, सगळं संपलं. कारकुनाने कागद माझ्यापुढून परत घेतला. मग म्हणाला, "सही अजून झाली नाही, काका. लिहिलेलं खोडता येते." त्याने ती ओळ खोडून नवी लिहिली. बाईंचं माहेरचं सोनं नवऱ्याच्या नादारीत येतच नाही, पण लपवलेलं उघडकीला आलं असतं तर कोर्टाने देण्यांतून माझी सुटका अडवली असती, हे त्याने समजावलं. आणि जाताना म्हणाला, "दुकानदारांची देणी सुटतील तुमची. गहाण नाही सुटत. बँकेचे हप्ते पाहा आधी."

रिसीव्हरनेही तेच सांगितलं. हिने पाटल्या मोडून थकलेले हप्ते भरले आणि घर राहिलं. पुढे कोर्टाने मला मोकळं केलं. किराणावाल्याचं देणं कायद्याने उरलं नव्हतं, तरी ते हिने शिवणकामातून फेडलं.

मंदिरात मात्र मी सांगायचो की देवीने बुद्धी दिली आणि मी स्वतः घट हलवला. ही बायकांमध्ये बसून ऐकायची. कधी एका शब्दानेही टोकलं नाही.

कारकून आला त्या दिवशी हिने सांडलेली माती गोळा करून अंकुर पुन्हा रोवले होते. नवव्या दिवशी ते वाकडेतिकडे का होईना, वीतभर वाढले. यंदा घट बसवताना मी सुनेला हे सगळं सांगितलं. मन हलकं झालं. मी देवीच्या आड लपलो होतो, आणि तिने मला हिच्याच हातांनी बाहेर काढलं. आता देवीपुढे काही झाकायचं उरलेलं नाही.