सातव्या रांगेतला वन्स मोअर

"आवाज आहे हो वहिनीला. पण तोंडात चर्च आहे."

आत्या हे म्हणाली तेव्हा ती राजवाड्याच्या त्या बाजूला होती आणि मी या बाजूला उकिडवी बसून खांबांना सोनेरी रंग देत होते. राजवाडा म्हणजे आमच्या नाटकाचा पडदा. लालबागला आत्याच्या ओळखीच्या एका मूर्तिकाराचा गणपतीचा कारखाना आहे. तो रिकामा असतो त्या महिन्यांत आम्हाला तिथे पडदा टांगायला मिळतो.

"म्हणजे?" हा आवाज बँकेतल्या काकांचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते आमच्या नाटकात राजा असतात.

"म्हणजे सूर लावते आणि तिथेच उभी राहते. हलतच नाही. आपला सूर कसा, जिना उतरल्यासारखा उतरला पाहिजे."

"गुडघे दुखत असतील."

"अहो, सुराचे?"

मी ब्रश हवेत धरून बसले. वहिनी म्हणजे माझी ममा. मला उत्तर सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण मराठी, इंग्रजी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत एकदम, आणि तिन्ही दारातच अडकल्या. तोवर ती दोघं चहाला निघून गेली. मी एकाच खांबाला उगाच तिसरा हात दिला. तो खांब अजूनही बाकीच्यांपेक्षा जास्त श्रीमंत दिसतो.

ममा गिरगावची, मूळ गोव्याच्या ख्रिस्ती घरातली. लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. बाबा दादरचे. त्यांच्या घरात सकाळी दूध उतू जातं तेही नाट्यगीत ऐकता ऐकता. दोघांचं लग्न झालं तेव्हा दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फुगवली. मग एक दिवस आत्याच्या हौशी संगीत नाटक मंडळातला ऑर्गनवाला ऐन तालमीत रुसून निघून गेला. ममा कोपऱ्यात नव्या सुनेसारखी बसली होती. ती उठली, चपला काढल्या, ऑर्गनच्या भात्यावर पाय ठेवले आणि विचारलं, "कुठून सुरू करू?" त्या दिवशी आपण वहिनीला माफ केलं, असं आत्या सांगते. कशाबद्दल, ते कोणी विचारत नाही.

आमच्या दादरच्या बाल्कनीत तुळशीच्या डोक्यावर नाताळचा कंदील बारा महिने लटकतो, कारण तो उतरवायला बाबांना स्टुलावर चढायचा कंटाळा. आत्या आली की त्याच्याच उजेडात तुळशीला दिवा लावते आणि म्हणते, "बरा आहे, वाऱ्याने विझत तरी नाही."

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. घरी बसून, कोणाशी न बोलता होणारं काम. दादरच्या माणसांना वाटतं, मी गप्प असते कारण माझी शाळा इंग्रजी. गिरगावच्या माणसांना वाटतं, मी गप्प असते कारण मी दादरची. दोन्हीकडे कारण सापडलेलं असल्यामुळे मला कोणी जास्त छेडत नाही.

मंडळात मी पडदे रंगवते आणि प्रॉम्प्टिंग करते. विंगेत उभं राहायचं, हातात वही धरायची, आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचेल एवढ्याच आवाजात म्हणायचं. प्रेक्षकांना माझा आवाज ऐकू आला, तर माझं काम चुकलं. मला बघूनच हे काम कोणी बनवलं असावं. पूर्ण नाटक मी रोमन अक्षरांत उतरवून घेतलंय. आत्याने ती वही एकदा पाहिली आणि देवाला नमस्कार केला.

बँकेतल्या काकांची गंमत अशी की त्यांना नाटक पाठ नाही. एकही नाटक नाही. ते पूर्ण विश्वासाने विंगेकडे बघतात, माझे ओठ हलतात, आणि ते तेच वाक्य छाती फुगवून म्हणतात. अर्थ मध्ये कुठेच येत नाही. मागच्या वर्षी वहीची दोन पानं घामाने चिकटली, तेव्हा मी स्वतःशीच पुटपुटले, "थांबा, पान चिकटलंय." काकांनी तलवार उपसली आणि गरजले, "थांबा! पान चिकटलंय!"

आत्या तेव्हा राणी होती. तिने पापणी न हलवता म्हटलं, "महाराज, मग हलक्या हाताने सोडवा." टाळ्या पडल्या. काकांना अजूनही वाटतं ते मूळ नाटकातलंच आहे.

आता बाबांचं काम. संगीत नाटकात गाणं आवडलं की प्रेक्षक "वन्स मोअर" ओरडतात आणि गाणारा ते पुन्हा गातो. पण हौशी मंडळात प्रेक्षकांवर सगळं सोडून कसं चालेल? म्हणून प्रत्येक मंडळाचा एक माणूस प्रेक्षकांत पेरलेला असतो. आमचे बाबा. सातवी रांग, कडेची खुर्ची. आत्याचं मोठं पद संपलं की ते दोन आकडे मोजतात आणि ओरडतात. त्यांनी आयुष्यात आवाज चढवला असेल तर तेवढाच. वीसेक वर्षांत आत्याचा एकही प्रयोग वन्स मोअरशिवाय गेला नाही, आणि वन्स मोअर कोणाचा आहे हे पहिल्या सहा रांगांना मागे न बघता कळायचं.

यंदा आत्याचा घसा सुजला. डॉक्टरांनी सहा महिने गाणं बंद करायला सांगितलं. हॉलची तारीख तर ठरलेली. सगळी पदं येणारं माणूस मंडळात एकच होतं, कारण तिने ती इतकी वर्षं ऑर्गनवर वाजवली होती. म्हणून ममा राणी झाली, आणि आत्या ममाच्या जागी ऑर्गनवर बसली. आत्याला बोटं उत्तम चालवता येतात. पायांचं मात्र तिला भानच राहत नाही, आणि त्या ऑर्गनला पायांनी हवा भरली नाही तर तो दमेकऱ्यासारखा खाली बसतो.

लालबागला ऐकलेलं मी ममाला सांगितलं नाही. तिने कुठूनतरी ऐकलंच. त्या रविवारी जेवताना तिने चमचा खाली ठेवला.

"माझी एक अट आहे. माझ्या गाण्याला कोणी वन्स मोअर ओरडायचं नाही."

बाबांचा घास हातातच राहिला. "कोणी म्हणजे?"

"तू."

"अगं, पण प्रथा आहे ती!"

"ताईसाठी प्रथा आहे. मला एक तरी खरा पाहिजे. अनोळखी माणसाने मनापासून दिलेला. नाही आला तर नाही आला. मग मी परत ऑर्गनवर, नो कंप्लेंट्स. पण घरातला आला ना, तर मला आयुष्यभर कळणार नाही मला गाता येतं की नाही."

"मग मी सातव्या रांगेत बसून करू काय?"

"ऐक. कधीतरी गाणंच ऐक."

मग तिने गिरगावला फोन करून मावश्या, मामा, शेजारच्या आंटी, सगळ्यांना तंबी दिली. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे वळली. "आणि तू, बेबी?"

मी हसलेच. मी? मी तर टॅक्सीवाल्याला "इथेच थांबवा" सुद्धा एक चौक पुढे गेल्यावर म्हणते. मी मान डोलावली. तिने तेवढंच वचन म्हणून धरलं.

पुढचे तीन आठवडे घरात नुसता धुमाकूळ होता. मला एका मगरीच्या गोष्टीची बारा पानं द्यायची होती. संपादिका रोज फोन करायची आणि मागून ममाच्या ताना ऐकून विचारायची, "सगळं ठीक आहे ना?" स्वयंपाकघरात आत्या पोळीच्या लाटण्याने ओट्यावर ताल धरायची, "उतर, वहिनी, उतर! एक एक पायरी!" आणि ममा मासे साफ करता करता उतरायचा प्रयत्न करायची. बँकेतले काका संवादांसाठी यायचे, म्हणजे मिशा कुरवाळत माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मगरीला मिशा कधी आल्या ते मला कळलं नाही. संपादिकेला त्या फार आवडल्या. काकांना मी ते पान अजून दाखवलेलं नाही.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. विंगेतल्या फटीतून मला सगळं दिसत होतं. सातव्या रांगेत बाबा हातांवर बसले होते, अक्षरशः, दोन्ही तळवे मांडीखाली. त्यांच्या मागे गिरगावची अख्खी रांग, इस्त्रीचे फ्रॉक, मांडीवर पर्स, चर्चमध्ये असतात तशा शिस्तीत. ममाने एवढं बजावलं होतं की ती माणसं टाळ्या वाजवायलाही घाबरत होती. एक मावशी शिंक आली तर "सॉरी" म्हणाली.

पहिला अंक धडपडत पार पडला. काकांनी माझा एक खोकलासुद्धा म्हणून टाकला.

दुसऱ्या अंकात राणीचं मोठं पद येतं. राजा वेष पालटून आलाय, राणीला ते माहीत नाही. ती दाराशी दिवा ठेवून त्याचीच वाट बघतेय. ममाने सुरुवात केली. आत्याने शिकवलेल्या सगळ्या पायऱ्या ती नीट उतरली, पण पडू नये म्हणून कठडा धरून उतरावं तशी. मी वहीची कड चावत होते. आत्या ऑर्गनवर पुढे झुकून तिला प्रत्येक सूर जणू भरवत होती, बोटं धावत होती, आणि नेहमीसारखी ती पाय विसरली.

शेवटच्या ओळीच्या वरच्या सुरावर ऑर्गन बसला. एक लांब उसासा टाकून पार खाली गेला आणि गप्प झाला.

ममा वर एकटी राहिली.

ती हलली नाही. कठडा नव्हता आणि जिना नव्हता. तिने तो सूर सरळ धरला, काही न करता, लहानपणापासून रविवारी सकाळी धरत आली तसा. बारीक नाही, थरथरता नाही. मी गिरगावच्या त्या चर्चमध्ये कितीतरी वेळा हा सूर ऐकला होता आणि तेव्हा माझं लक्ष पुढच्या बाकावरच्या बाईच्या केसांतल्या पिनांकडे असायचं. खाली आत्या दोन्ही पायांनी वेड्यासारखा भाता मारत होती. हवा भरली, आणि ऑर्गन हळूहळू वर येत बरोबर त्याच सुराखाली येऊन टेकला. आत्याने डोळे मिटले होते. तिथून दोघी मिळून समेवर आल्या.

टाळ्या पडल्या. चांगल्या, भरपूर. पण त्यांत कोणी ओरडलं नाही. टाळ्या कमी होऊ लागल्या. बाबांनी हात मांडीखालून काढले आणि तोंडावर गच्च दाबून धरले. गिरगावची रांग रडत होती, पण शब्द दिला होता म्हणून मुकाट. ममा दिव्याकडे बघत उभी होती, वाट बघायचा अभिनय करत, आणि मला एकटीलाच माहीत होतं की तो अभिनय नाही. शेवटी तीन टाळ्या राहिल्या. मग दोन.

काकांनी विंगेकडे बघितलं. पुढचं वाक्य त्यांचं होतं. "राणी, हा दिवा कोणासाठी?" माझ्या वहीत ते समोर लिहिलेलं होतं, लाल शाईने अधोरेखित. मी वहीकडे बघितलंच नाही. मी ममाकडे बघत होते, आणि माझे ओठ आपोआप हलले. आवाज नव्हताच, नुसता श्वास.

काकांना तेवढं पुरतं. त्यांनी शाल मागे टाकली, उजवा हात राणीकडे पसरला आणि राजाला शोभेल अशा आवाजात गरजले, "वन्स मोअर!"

सगळा हॉल हसायला लागला. गिरगावच्या रांगेत कोणाची तरी पर्स खाली पडली. आत्याने ऑर्गनवर कपाळ टेकलं आणि चार पट्ट्या एकदम वाजल्या. काका खूश, त्यांना वाटलं संवाद रंगला. मलाही हसू आवरत नव्हतं, पोटात कळ आली.

ममा हसली नाही. तिने काकांकडे बघितलंही नाही. तिने सरळ विंगेत माझ्याकडे बघितलं. लहानपणी उत्तरपत्रिकेवर बाबांची सही मी केली होती, तेव्हा बघितलं होतं अगदी तसंच. हे कोणी ठरवलं? तुम्ही सगळ्यांनी मिळून?

ती सगळ्यांसमोर हे विचारू शकत नव्हती. आणि प्रयोग संपल्यावर मी सांगितलं असतं तर तिला ते खरं वाटलं नसतं. घरातली माणसं नंतर काहीही सांगतात.

माझ्या काळ्या टी-शर्टवर राजवाड्याचा सोनेरी रंग होता. केसांत पेन्सिल खोचलेली होती. मी वही विंगेतल्या खुर्चीवर ठेवली आणि दोन पावलं पुढे, उजेडात गेले. राणीच्या महालात ही कोण, म्हणून पहिली रांग वाकून बघायला लागली. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, पुढचं वाक्य घ्यायला तयार.

"काका, हे तुम्ही म्हणू नका," मी म्हणाले, आणि मग ममाकडे वळून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने: "मला कोणी सांगितलं नाहीये, ममा. मलाच परत ऐकायचंय. वन्स मोअर!"