चिंचेखालची लेडीज गॅलरी

“मॅडम, गाडी आणि बायका एकाच फ्रेममध्ये पाहिजेत,” नितेश म्हणाला. “पुढं धूळ, मध्ये रंगीत साड्या, मागं बॅनर. पोस्टर तयार!”

नितेश हा हैदराबादच्या एका मोटर क्लबचा इव्हेंट मॅनेजर. मूळचा उदगीरचा. बीदरजवळ जनवाड्याच्या शिवारात त्यांनी ऑटोक्रॉस ठेवली होती. ऑटोक्रॉसला डांबरी ट्रॅक लागत नाही. मोकळ्या मातीत एक वेडावाकडा फेरा आखायचा आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची. गाड्यांचे फोटो काढायला त्यांचा स्वतःचा माणूस होता. मला बोलावलं होतं ते माणसांसाठी. आमच्या धंद्यात याला क्राउड शूट म्हणतात. बीदरमध्ये माझा स्टुडिओ आहे, लग्नं-बारशी चालूच असतात, पण खरं सांगायचं तर हे काम माझ्या आवडीचं. सगळे गाडीकडे बघत असतात तेव्हा मी गाडीकडे पाठ करून उभी असते. गाडी नुसती पळते. बघण्यासारखं असतं ते बघणाऱ्यांच्या तोंडावर.

त्या दिवशी सकाळीच गर्दी भरली होती. पटका बांधलेले एक आजोबा दोन्ही कानांत बोटं घालून, पण डोळे टक्क उघडे ठेवून बसले होते. थेट करजगीहून मोटरसायकलवर आलेले दोघे भाऊ शर्यत सोडून पाण्याच्या टँकरचे टायर चाचपत होते. एक नवी नवरी नवऱ्यापेक्षा जोरात शिट्टी मारत होती आणि नवरा आपला इकडंतिकडं बघत होता, कुणी ओळखीचं नाही ना. मी खुशीत होते. असा दिवस रोज मिळत नाही.

मग मी लाँग लेन्स लावून चिंचेकडे वळले.

चिंचेचं ते झाड लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी होतं. पट्टा संपला की गाडीला एकदम डावीकडे वळायचं होतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, झाडाखाली, ‘लेडीज गॅलरी’ अशी पाटी. गॅलरी म्हणजे काय, तर चार बांबू, त्यांना गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी आणि आत बायकांनी घरून आणलेल्या सतरंज्या. मांडीवर लेकरं, शेंगांच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या. मी फोकस केला आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात मला चाकाची खूण दिसली. सकाळच्या सरावात पडलेली, लाल मातीत खोल ओढलेली. ती खूण वळणावर वळली नव्हती. सरळ चिंचेकडे गेली होती.

इथं थोडं समजावून सांगते. वळणावर गाडी चुकली तर ती आत येत नाही, बाहेर फेकली जाते. जीपमध्ये बसून घाट उतरलेल्या कुणालाही आपलं अंग कुठल्या बाजूला जातं ते ठाऊक असतं. म्हणून शर्यतीत वळणाच्या बाहेरची बाजू मोकळी सोडतात. तिला रन-ऑफ म्हणतात. म्हणजे चुकलेल्या गाडीला थांबायला जागा. बेंगळुरूकडच्या एका शर्यतीत मी त्या जागेत नुसता पाय टाकला होता, तर मार्शल माझ्या अंगावर धावून आला होता. मार्शल म्हणजे झेंडा घेऊन उभा असलेला, ट्रॅकची राखण करणारा माणूस. आणि इथं त्याच जागेत सतरंज्या अंथरल्या होत्या!

मी तशीच नितेशकडे गेले.

“त्या बायकांना तिथून हलवा.”

“का? मस्त दिसतायत.”

“रन-ऑफमध्ये बसल्यात त्या. सकाळी एक गाडी तिकडं गेलीय, खूण आहे.”

“अहो, सरावात होतं तसं. नंतर पट्टी लावलीय ना.”

“पट्टीनं गाडी थांबते?”

तो हसला. मला हसण्याचाच जास्त राग आला. मी त्याला शांतपणे सांगून बघितलं. म्हटलं, लाँग लेन्स लांबच्या वस्तू एकमेकींजवळ आणून दाखवते. बायका शंभर पावलं मागं बसल्या तरी फोटोत गाडी त्यांच्या पुढ्यातूनच गेल्यासारखी दिसेल. त्यांना खरोखर तिथं बसवायची गरज नाही.

“पण ड्रोनमध्ये खरं अंतर दिसतं ना, मॅडम. वरून बघितलं तर लेडीज लांब दिसतील. स्पॉन्सरचा बॅनर चिंचेला बांधलाय, तो पण रिकामा दिसेल.” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “आणि जागा आम्ही दिलेली नाही. गावच्या आप्पांनी दिलीय.”

आप्पा म्हणजे वीरभद्राप्पा. जमीन त्यांची. वळणाच्या आतल्या अंगाला पाहुण्यांसाठी मांडव घातला होता, त्याच्या दारात ते पान-सुपारी देत उभे होते. मी विचारलं तर ते गोंधळून गेले.

“बायांला उन्हात बसवू व्हय, अक्का? आमच्याकडं बैलाच्या शर्यतीला बाया चिंचेखालीच बसतात. माझ्या बापाच्या वेळंपासून.”

“आप्पा, बैलं सरळ पळतात. गाडीला इथं वळायचंय.”

आप्पांनी चिंचेकडे बघितलं, वळणाकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. “हे मला कुनी सांगितलंच न्हाई. मी त्या मॅनेजरला जागा दावली, तर ते म्हनले, एकदम बेस्ट.”

आप्पांवर मी का रागवू? त्यांना बैलांची शर्यत माहीत होती, तिच्या हिशेबानं त्यांनी बायकांना सगळ्यात चांगली जागा दिली. ज्यांना गाड्यांची शर्यत माहीत होती, ज्यांचा तो धंदा होता, ते ‘एकदम बेस्ट’ म्हणून मोकळे झाले होते. आप्पा नितेशकडे गेले. नितेशनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, “आप्पा, टेन्शन घेऊ नका” म्हणाला आणि वॉकी-टॉकीवर बोलायला लागला. तिकडं पहिली गाडी सुरुवातीच्या रेघेवर येऊन गुरगुरत होती.

शेवटी मीच चिंचेखाली गेले. पुढच्याच सतरंजीवर गयाबाई बसल्या होत्या. गावातल्या एका लग्नात त्यांची माझी तोंडओळख झालेली. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. पांढरी साडी, चष्मा, ताठ पाठ. गावातल्या बौद्ध वस्तीतल्या आठ-दहा जणी त्यांच्याभोवती, आणि त्यांच्या मागं सगळं गाव. मी म्हटलं, “गयाक्का, इथून उठावं लागतंय सगळ्यांनी.”

“कामून?”

“गाडी इकडं येऊ शकते.”

त्यांनी चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “सराव संपला तशी आमी सगळ्यांच्या आदी येऊन जागा धरली. आता सावली पडली, तर उठा! कोन बसनार हाय इथं? साहेबाच्या बायका?”

“न्हाई ओ अक्का, कुणीच न्हाई.”

“दर जत्रंला असंच सांगत्यात. सभा आसू द्या न्हाईतर सिनेमाचं शूटिंग. आदी आमाला उठवायचं, मंग तिथं खुर्च्या मांडायच्या. आनि तू बाई असून आमाला उठवायलीस?”

त्यांचं खरं होतं. आजवर जेव्हा जेव्हा त्यांना ‘तुमच्या भल्यासाठी’ उठवलं होतं, तेव्हा त्या जागेवर दुसरंच कुणी बसलं होतं. इतक्या वेळा फसवल्यावर माणूस खऱ्यावर तरी का विश्वास ठेवेल? माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण गयाबाईंवर नाही.

“अक्का, माझ्यावर विश्वास ठेवू नका,” मी म्हटलं. “माझ्यासंगं फक्त तेवढं चालून बघा.”

त्या कुरकुरत उठल्या. मी त्यांना वळणापाशी नेलं आणि चाकाची खूण दाखवली. गयाबाईंनी चप्पल त्या चरात ठेवली आणि खुणेवरून चालायला लागल्या. खाली मान घालून, पाऊल न चुकवता. पट्टीपाशी आल्या, वाकून तिच्या खालून गेल्या. खूण जिथं संपली तिथून त्यांची सतरंजी हाताच्या अंतरावर होती. सतरंजीवर त्यांची नात झोपली होती.

त्यांनी आधी नातीला उचलून खांद्यावर घेतलं. मग मला विचारलं, “ही खून आजची?”

“आज सकाळची.”

“त्यांला माहीत हाय?”

“मी सांगितलंय.”

“पाव्हन्यांचा मांडव वळनाच्या आत हाय न्हवं? तिकडं गाडी येत न्हाई?”

“सहसा न्हाई.”

“मंग तिथंच बसू.” आणि मागं वळून त्यांनी अंगणवाडीतल्या आवाजात हाक दिली, “उठा गं! लेकरं घ्या. सतरंज्या ऱ्हाऊ द्या.”

पुढचं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. सगळ्या बायका पट्टी ओलांडून भर ट्रॅकमधून चालत निघाल्या. मार्शलनं घाबरून लाल झेंडा दाखवला, म्हणजे शर्यत बंद. गुरगुरणारी गाडी गप्प झाली. नितेश ओरडत धावत आला, “मॅडम, हे काय केलंत तुम्ही? शेड्यूल बोंबललं सगळं!” बायका तोवर मांडवात शिरल्या होत्या. तिथं सोफे, कूलर, थंड पाण्याच्या बाटल्या. एक सुटातले पाहुणे दचकून उभे राहिले. गयाबाई म्हणाल्या, “उठू नका साहेब. नुस्तं सरका.” साहेब सरकले. मी पटापट फोटो काढत होते.

आप्पांनी स्वतः पाणी वाटलं. नितेशला पाहुण्यांसमोर काही बोलता येईना. थोड्या वेळानं शर्यत सुरू झाली.

गाडी चुकली ती दुपारी. मी नेहमीसारखी पाठ करून उभी होते, त्यामुळं मी ती बघितली नाही. मी बघितले मांडवातले चेहरे. सगळ्यांच्या माना चिंचेच्या दिशेनं वळल्या आणि सगळ्या बायकांचे पदर एकदमच तोंडाशी गेले. मागून आवाज आला तो त्यानंतर. वळून बघते तर पट्टी तुटलेली, बॅनर फाटलेला, गाडी चिंचेच्या बुंध्याला नाक लावून उभी आणि पुढच्या चाकात गयाबाईंची सतरंजी गुंडाळलेली. ड्रायव्हर हेल्मेट काढत स्वतःच्या पायानं बाहेर आला. बाकी तिथं कुणीच नव्हतं.

गयाबाईंनी खांद्यावरच्या नातीच्या पाठीवर हात फिरवला. रडल्या-बिडल्या नाहीत. मीच रडले, रागानं.

नितेश आला तो मऊ आवाजात. “मॅडम, सतरंजीचा फोटो कुणाला देऊ नका. क्लबचं नाव खराब होतं.”

“आणि सतरंजीवर कुणी असतं तर?”

“नव्हतं ना पण!”

कुणी का नव्हतं, हे त्यानं विचारलं नाही. सतरंजीचा फोटो मी स्थानिक पेपरला दिला, त्यांनी छापला नाही. त्यांच्या पानावर क्लबची जाहिरात होती. छापून आला तो क्लबनं पाठवलेला वेगळाच फोटो. माझाच. बायका सोफ्यांवर, हातात थंड बाटल्या, शेजारी अंग चोरून बसलेले साहेब. खाली ओळ होती: ‘ग्रामीण महिलांसाठी क्लबतर्फे खास आसनव्यवस्था’. तो पेपर मी चुरगाळून भिंतीवर फेकला. नंतर उचलून सरळ केला, कारण फोटो चांगला आला होता.

यंदा पुन्हा नितेशचा फोन आला. मला वाटलं, चुकून लागला असेल.

“मॅडम, याच. मागच्या वेळचे लेडीजचे फोटो क्लबच्या साहेबांना फार आवडले. लेडीज गॅलरी आपण तीच ठेवलीय, चिंचेखाली. बॅनर तिथं उठून दिसतो.”

मी फोन ठेवून तडक जनवाड्याला गेले. गयाबाई ओसरीवर हरभरा निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं.

“आमी तर येनारच,” त्या म्हणाल्या. “मांडव घालायच्या आदीच येऊन आत बसनार. त्या पोराला म्हनावं, पाव्हन्यांला चिंचेखाली बसीव. सावली लई चांगली हाय.”

मी तो निरोप नितेशला शब्द न बदलता कळवला. साहेबांचे सोफे चिंचेखाली, बॅनरही मागं छान येईल, असंही वर सांगितलं. मग तो म्हणाला, “नको मॅडम, तिथं रिस्क आहे.”

दुसऱ्या दिवशी चिंचेखालची जागा मोकळी ठेवायचं ठरल्याचा त्याचा मेसेज आला. कारण लिहिलं होतं: रन-ऑफ.

तेव्हापासून मी कुठंही कामाला गेले की एक गोष्ट आधी करते. गर्दीला कुठं बसवणार ते विचारते, आणि मग म्हणते, इथं साहेबांच्या खुर्च्या मांडून दाखवा. जागा धोक्याची असेल तर लगेच कळतं.