कौसल्या प्याली न्हवती

जांभळाची वाइन महिनाभर बसली की बरणीच्या तळाला गाळ धरतो. वरचं निवळ तेवढं दुसऱ्या बरणीत घ्यायचं. त्या दिवशी दुपारी माझ्या बायकोनं, कौसल्यानं, हे काम काढलं. भरलेली बरणी ओट्यावर, रिकामी खाली, मधी रबरी नळी. नळीत आधी उकळून गार केलेलं पाणी भरायचं, दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबायची आणि मग सोडायचं. आपोआप धार लागते. पाणी भरून द्यायचं काम माझं होतं. तिनं दोनदा हाक मारली. मी म्हटलं, "तुझे थेर तू निस्तर. मी काय तुझा नोकर हाय?" टीव्हीवर काय चाललं होतं ते आता आठवत बी न्हाई. मग तिनं नळी तोंडात धरून ओढली, आलेला घोट मोरीत थुंकला, चूळ भरली. थोडं पदरावर सांडलं. तेव्हा कुटं मी उठलो आणि बरणी धरायला गेलो. दोघांनी मिळून ती बरणी भरली... हे आमचं शेवटचं काम.

माझं शिक्षण चौथी. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या, न्हाई घेतलं तरी माझं काही अडत न्हाई. पाच आठवडे मी रागात आहे आणि त्या रागातच लिहितोय.

कौसल्या लोणावळ्याला एका बंगल्यात सोळा वर्षं स्वैपाकाला होती. तिथल्या म्हाताऱ्या बाई दरसाल करवंदाची आणि जांभळाची वाइन घालायच्या. बंगला विकून पुण्याला गेल्या तेव्हा तीन मोठ्या काचेच्या बरण्या हिला देऊन गेल्या. बेडशाच्या अलीकडं आमची वस्ती, बांधावर जुनं जांभूळ. त्याचा सडा पडतो आणि निम्मा पायाखाली सडतो. ही म्हणाली, "मला जमतंय का बघायचंय." साठी उलटलेली बाई. पहिल्या खेपेला तिनं झाकण घट्ट आवळलं. आत वारा कोंडला, बरणी फुटली आणि नवा चुना दिलेली भिंत जांभळी झाली. मी म्हटलं, "तुझ्यापरास आमचा हातभट्टीवाला शहाणा." ती म्हणाली, "व्हय, त्याला तुमच्यासारखी गिऱ्हाइकं होती, मग तो शहाणाच की." दुसऱ्या खेपेला तिनं बरणीच्या तोंडाला फुगा बांधला, त्याला सुईनं एक भोक पाडलं. फुगा ताठला म्हणजे आत काम चाललंय, लोळला म्हणजे संपलं. शेजारची सुनंदा दारातून विचारायची, "मावशी, बरणीचा वाढदिवस हाय का आज?"

पण चव तिनं कधी घेतली न्हाई. आम्ही बौद्ध. नशा करायची न्हाई हे आमचं पाचवं शील, आणि ते घरात मी पायाखाली तुडवलं होतं. रेल्वेत गँगमन होतो, लय प्यायचो. तिनंच मला विहारात उभं करून सोडायला लावली. म्हणायची, "मी तोंडाला लावली तर तुमाला कुठल्या तोंडानं अडवू?" म्हणून सगळं वासावर आणि कानावर. बरणीला कान लावून बुडबुडे ऐकत बसायची. एक बाटली पुण्याला बाईंकडं जायची, त्या चाखून फोनवर सांगायच्या, "कौसल्या, या वर्षी साखर बेतशीर पडलीय." त्या दिवशी हिचे पाय जमिनीवर नसायचे.

त्या संध्याकाळी तिच्या छातीत दाटून आलं. सुनंदाच्या नवऱ्यानं रिक्षा काढली. दवाखान्यातला तरणा डॉक्टर जवळ आला, त्याला पदराचा वास लागला. "आजी प्यायल्यात का?" त्यानं मला विचारलं. घरात वाइन घालायला परवाना लागतो का, मला ठाऊक न्हाई. पोलीस येतील, बरण्या नेतील, हिला या वयात चौकीवर बसवतील, एवढंच डोक्यात आलं. मी म्हणालो, "मला काय ठाऊक न्हाई."

ती शुद्धीवर होती, पण दम लागून बोलवत न्हवतं. माझ्याकडं बघत होती.

डॉक्टर म्हणाला, उतरू द्या, मग बघू. कोपऱ्यातली खाट दिली. छातीची कार्डिओग्रामची पट्टी काढली तेव्हा तास उलटून गेला होता... नंतर धावपळ झाली, तिचा काही उपयोग झाला न्हाई. लगेच बघितलं असतं तर वाचली असती का, हे मी विचारलं. कुणी सांगत न्हाई. त्या डॉक्टरला मी लय शिव्या दिल्या, अजून देतो. पण त्यानं निदान विचारलं तरी होतं. उत्तर माझ्यापाशी होतं आणि मी ते गिळलं.

सुनंदाच्या नवऱ्यानं दवाखान्यात ऐकलं ते वस्तीभर झालं होतं. विहारात तिच्या पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली. विहाराचे अध्यक्ष उठून म्हणाले, "बाई गुणाची, लेकी-सुनांना वंदना शिकवली. शेवटी शेवटी मात्र पाय घसरला बिचारीचा." सुनंदानं मान हलवली आणि डोळ्याला पदर लावला. ज्या बायांना हिनं एकेक ओळ म्हणून घेऊन वंदना शिकवली, त्या खाली बघत बसल्या. आणि मी? मी बी खालीच बघितलं. दुसऱ्यांदा गिळलं.

रातभर स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि सुनंदाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"या आबा, बसा. च्या चुलीवरच हाय."

"च्या नको. कौसल्या प्याली न्हवती. नळी भरून द्यायचं काम माझं होतं, मी दिलं न्हाई, म्हणून तिनं तोंडानं ओढली आणि थुंकली. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. आता तू म्हण."

"काय म्हणू आबा?"

"प्याली न्हवती म्हण."

ती घरात बघायला लागली, नवरा बाहेर येतोय का म्हणून. मी उंबऱ्यातून हललो न्हाई. च्या उतू गेला, त्याचा वास आला, तरी हललो न्हाई.

"मावशी प्याल्या न्हवत्या," सुनंदा म्हणाली.

"मोठ्यानं म्हण."

तिनं मोठ्यानं म्हटलं. मग मी पुढच्या घरी गेलो. वस्तीत एकवीस उंबरे आहेत. अध्यक्षांचा शेवटचा.