टिकल्याच्या कपाळावरचा टाका

ये गो, अशी जवळ ये. पडवीत उभ्या उभ्या बोलायला तू काय परकी आहेस? किती दिवसांनी उगवलीस, आणि आल्या आल्या घड्याळ बघतेस. बस. पाय पसर. आज तुला जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो जाताना हात हातात होता तेव्हाही नाही. पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले की भलतंच काहीतरी मागून घ्यायचे आणि घरी यायचे.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळं गाव म्हणतं. खरंच आहे ते. पण हा एक तीळ तीस वर्षं कोरडा राहिला. कसा राहिला असेल, सांग?

गेल्या महिन्यात रंजूला चाळीस पूर्ण झाली. रंजू म्हणजे माझी थोरली लेक, शहापूरला दिलेली, तिथेच शाळेत शिकवते. जावई गरीब स्वभावाचे. नात सई कॉलेजला. रंजू दुधाला शिवत नाही — चहात नाही, ताक नाही, तूप नाही. मग अंडंही सुटलं, मासळीही सुटली. अशा माणसाला व्हेगन म्हणतात हे मला सईने शिकवलं. रंजूने दूध सोडलं तेव्हा आमच्याकडे त्याला नाव नव्हतं. आम्ही म्हणायचो, पोरीला खूळ लागलंय.

तर सईने ठरवलं, मम्मीचा वाढदिवस हायवेवरच्या नव्या हॉटेलात करायचा, जिथे सगळं बिनदुधाचं. जावई मला न्यायला आले. आमचं गाव मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अंगाला. तिथून शहापूर म्हणजे अर्धा दिवस बोलायला मिळतो. गाडीत म्हणाले, "आई, आज भातावर तूप मागायचं नाय हां."

"मागत नाय," मी म्हटलं, "घरून खाऊन आलेय."

हसत हसत गेलो गो. हॉटेलात फणसाची बिर्याणी आली. आमच्या परड्यात फणस खाली पडून सडतो, माकडं खातात, आणि इथे तो काचेच्या ताटलीत पुदिना लावून. चावला तर धागा धागा मटणासारखा. सोयाचे कबाब आले. काजू वाटून केलेलं पांढरं काहीतरी आलं, त्याला चीज म्हणायचं. केक आला, बिनअंड्याचा. सगळं चांगलं होतं. खोटं कशाला बोलू — आज तरी.

आणि मग खरवस आला.

नारळाच्या दुधाचा, चायनाग्रास घालून थिजवलेला, वर वेलची-जायफळ. चौकोनी वड्या, हात लावला की हलणाऱ्या. रंजूने बशी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "आई, हा खास तुझ्यासाठी सांगितलाय. तुला आवडतो ना."

मी चमचा उचलला. तेवढ्यात सईने विचारलं, "मम्मी, तू दूध का सोडलंस? कधी सांगितलंच नाहीस."

रंजूने हातातला चमचा खाली ठेवला. मग अगदी साध्या आवाजात, जशी शाळेत धडा सांगत असेल तशी म्हणाली, "माझ्या दहाव्या वाढदिवसाला मी एक रेडकू मारलं."

सईला वाटलं थट्टा. पण रंजू बोलत राहिली. दोन दिवसांचं होतं. उपाशी होतं. मला दया आली. खरवसासाठी ठेवलेला सगळा चीक मी त्याला पाजला. पोट फुगून मेलं ते. तेव्हापासून दूध बघितलं की मला त्याचं तोंड दिसतं.

चीक म्हणजे व्यायलेल्या म्हशीचं पहिलं घट्ट दूध, तुला माहीत आहे. रंजूने जे सांगितलं ते तिला खरं वाटतं. तीस वर्षं खरं वाटत आलंय. ते खरं नाही. हे एवढं वाक्य बोलायला मला — जाऊ दे, मला किती जड गेलं ते इथे मोलाचं नाही.

आता ऐक.

आमच्याकडे तेव्हा चंद्री नावाची म्हैस होती. ती व्यायली आणि झालं टोणगं. म्हशीच्या पोटी नर आला की गोठ्यात कुणी गूळ वाटत नाही. पारडी झाली तर पुढे दूध देईल. टोणग्याचं काय करायचं? त्याला आचळाशी नुसतं टेकवायचं, म्हशीने पान्हा सोडला की ओढून बाजूला बांधायचं. ते दोरीला ताण देत राहतं, आपण दूध काढत राहतो. दहा-पंधरा दिवसांत आपोआप मरतं. आपोआप — हाच शब्द आम्ही वापरायचो. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरायचा आणि ते म्हशीपुढे धरायचं. ती वास घेते, चाटते, पान्हा सोडते. सगळे तसंच करत होते. मीही करत होते. त्यात मला काही दिसत नव्हतं.

या टोणग्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. रंजूने त्याचं नाव ठेवलं टिकल्या. नाव नको ठेवू म्हणून मी ओरडले होते. नाव ठेवलं की जड जातं.

तिचा वाढदिवस होता. केक कुठला तेव्हा? चिकाचा खरवस हाच वाढदिवस. किन्हवलीहून माझी नणंद यायची होती, सगळ्या घराला घेऊन. नणंद मला लग्नापासून म्हणत आली, वयनीच्या हाताला चव नाय. या वेळी मीच मुद्दाम निरोप पाठवला होता — चिकाचा खरवस खायला या. सकाळचा सगळा चीक पितळी टोपात काढून ठेवला होता.

दुपारी गोठ्यात गेले तर रंजू टोप तिरका धरून बसलेली. टिकल्याचं तोंड आत. तळ चाटत होता. शेपूट हलत होतं त्याचं.

रंजू म्हणाली, "आई, त्याला भूक लागलेली. माझा वाटा मी त्याला दिला."

मी तिची वेणी धरली. तशीच फरफटत ओटीवरून नेली, तोंडात मारल्या, एकदा नाही, ओठ फुटला तिचा. भाताच्या कणगीच्या खोलीत ढकलली आणि बाहेरून कडी घातली. इथे थांबले असते तर? आया मारतात. पोरी विसरतात. पण मी परत गोठ्यात गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. तिथे माझं काही काम उरलं नव्हतं.

भिंतीला ऐनाच्या लाकडाचा खुंटा टेकवलेला होता, जनावर बांधायचा. तो मी उचलला. आणि टिकल्या — ऐकतेस ना — टिकल्या माझ्याकडे चालत आला. पाय अजून फेंगडे पडत होते त्याचे. तोंडाला चीक लागलेला. त्याला वाटलं मी आणखी घेऊन आले.

पहिला घाव त्या पांढऱ्या ठिपक्यावर बसला. तो गुडघ्यावर आला, पण पडला नाही. दुसरा कानामागे. तिसऱ्याला हाडाचा आवाज आला, सुका नारळ दगडावर फुटतो तसा. त्यानंतर किती मारले मला मोजता येणार नाही. ते मेलंय हे मला कळलं होतं आणि तरी माझा हात चालू होता. चंद्री दावं ओढून ओढून रेकत होती. दावं काचून तिच्या गळ्यातून रक्त निघालं. मी तिच्याकडे वळून म्हटलं, गप. आणि तिलाही एक ठेवून दिली, तोंडावर.

कसला राग होता? नणंदेचा होता की नवऱ्याचा, की उन्हाचा? कारणं शोधली तर मिळतील. तीस वर्षांत मी बरीच शोधून ठेवली आहेत. त्यातलं एकही तुला देणार नाही.

मग मी काय केलं ते ऐक, कारण खरं पाप ते आहे. मी पेंढ्याने रक्त पुसलं. नाकातलं पुसलं, कानातलं पुसलं. जमीन शेणाने सारवली. टिकल्याला फुटलेल्या बाजूवर निजवलं, कपाळ पेंढ्यात दडवलं, त्याच्या पोटावरून हात फिरवला म्हणजे केस नीट बसतील. हात धुतले. मग कडी काढली आणि रंजूला हाताला धरून आणलं. मऊ आवाजात म्हटलं, "बघ. तुझ्या चिकाने काय झालं. एवढा चीक सोसतो का बाळजीवाला?"

ती बघत राहिली. रडलीसुद्धा नाही. आपले दोन्ही हात पुढे धरून बघत राहिली, टोप धरलेले हात.

कातडं काढायला शेजारच्या गोठ्यावरचा म्हातारा आला. त्याने डोकं उलटं केलं, बोट लावून बघितलं, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "वयनी, पोट फुगल्यावर डोकं फुटतं काय गो?" मी त्याला चहा आणायला आत गेले. तो पुढे त्यावर कधी बोलला नाही. तोही आता नाही.

संध्याकाळी नणंद आली. सगळं ऐकून हसली, "लाडानं मारलंन पोरीनं." झालं. ते तिला चिकटलं. कुणाच्या गोठ्यात वासरू झालं की, रंजू, आमच्या वासराला हात लावू नको हां. तिच्या लग्नात, हळद लागलेली असताना, नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "नवऱ्याला जपून वाढ गो, तुझ्या हातचं खाऊन रेडकू गेलंय." मांडव हसला. मी पण हसले. मोठ्याने हसले.

पेंढा भरलेला टिकल्या चंद्रीपुढे धरायचं काम मी कुणाला दिलं असेल? रंजूलाच. सकाळ-संध्याकाळ, आठ महिने. कातड्याला मीठ चोळायचं, ते धरून उभं राहायचं. चंद्री त्याला चाटायची आणि चाटता चाटता तिचे हातही चाटायची. ठिपक्याच्या जागी कातडं फाटलं होतं, तिथे म्हाताऱ्याने टाका घातला होता. एकदा तिने विचारलं, "आई, इथे टाका का?"

"उंदरानं कुरतडलं," मी म्हटलं.

एवढ्यावरही थांबलं असतं. पण सई झाली तेव्हा रंजू बाळंतपणाला माझ्याकडे होती. पोर दुधासाठी रडायची आणि रंजू तिला छातीशी घ्यायला घाबरायची. दोन घोट झाले की काढून घ्यायची. माझ्याकडे बघायची. "आई, जास्त तर नाय झालं ना? पोट बघ ना तिचं." दर वेळी. दिवसातून दहा वेळा. सई वाळायला लागली. नर्सबाई रागावल्या, मीही रागावले, म्हटलं असं काय करतेस वेड्यासारखं. मला माहीत होतं ती असं का करते. जगात मला एकटीलाच माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर तिने पोरीला पोटभर पाजलं असतं. मी उठले आणि डब्यातल्या पावडरीचं दूध कालवलं. ते सईला मी पाजायचे. रंजू तोंड फिरवून बसायची.

आता पुन्हा त्या हॉटेलात ये. माझ्या हातात चमचा, पुढे खरवस. रंजूचं बोलून झालं. सईच्या डोळ्यांत पाणी. जावई खाली बघत होते. आणि रंजू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "पण आईनं कधी बोलून नाय दाखवलं हां मला. आत्या बोलायची, सगळे बोलायचे. आई एकदाही नाय."

किती सोपं होतं. माझ्यासमोर दार उघडून धरलं होतं पोरीने. मी काय म्हटलं माहीत आहे?

मी म्हटलं, "जाऊ दे बाय. लहान होतीस तू."

मी तिला माफ केलं. चारचौघांत. तिच्या वाढदिवसाला. आणि ती हसली गो, दहा वर्षांची असल्यासारखी हसली.

मग मी खरवस खाल्ला. चव अगदी चिकाच्या खरवसासारखी. सईने आणखी एक वडी वाढली, तीही खाल्ली. बशी पुसून खाल्ली.

त्या दिवसापासून तो खुंटा डोळ्यांपुढून हलत नाही. म्हशी कधीच विकल्या, गोठ्यात आता लाकडं रचलेली असतात, पण खुंटा आहे. मी तो फेकलेला नाही. का ठेवला मला सांगता येत नाही. काल तो बाहेर काढला, धुतला, ओटीवर ठेवला. त्याच्यावर काहीच दिसत नाही. साधं लाकूड आहे.

हे रंजूच्या आधी तुला सांगितलं, कारण मला माझं तोंड माहीत आहे — ते ऐन वेळी वळण घेतं. आता सगळं एकदा सरळ बाहेर आलंय. रंजू मला काय म्हणेल, म्हणेल की नाही, पुन्हा या घरात पाऊल टाकेल का, ते तिचं ती बघेल. त्यात माझा काही हक्क नाही.

सकाळी तिला फोन लावला. म्हटलं, रंजू, येऊन जा.

"काय गो, बरी हायस ना?" ती म्हणाली. "रविवारी सगळीच येतो. काय आणू तुला? तो खरवस आणू, आवडला ना?"

"काय नको आणू," मी म्हटलं. "सगळी नको येऊ. तू ये. एकटी ये, लवकर ये."