पुढचा भाग बुधवारी

आमच्या दोन म्हशींबद्दल मी ब्लॉग लिहायला लागले, तेव्हा वाचणारे मोजून वीस-बावीस होते, आणि त्यांतले निम्मे माहेरचे. कसबा बावड्यात आमच्या गोठ्याच्या भिंतीला लागूनच आता नवीन अपार्टमेंट झालंय. तिथल्या बायका दूध न्यायला आल्या की म्हशींबद्दल काहीबाही विचारायच्या. त्यांना जे सांगायचे तेच लिहू लागले.

लिहायला सुरुवात करून दिली ती माझ्या नणंदेच्या मुलीनं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. माझे पाच-सहा लेख वाचून ती म्हणाली, “मामी, तू सगळं एका दमात सांगून टाकतीस. मग माणूस परत कशाला येईल? पहिल्या दोन ओळीत त्याला अडकव, आणि ऐन वेळेला थांब.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्याआधीच हाव सुटली होती. रोज सकाळी धार काढून झाली की किती जणांनी वाचलं ते बघायचे. आकडा कमी दिसला की दिवसभर पुन्हा पुन्हा फोन उघडून बघायचे.

त्या महिन्यात आमची थोरली म्हैस व्याली. रेडी, म्हणजे मादी रेडकू झालं, सगळं सुखरूप झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस उठेना. मान वळवून कुशीत घातलेली, कान हाताला गार लागत होते. सासूबाई ओवा घातलेलं गोडंतेल बाटलीत भरून घेऊन आल्या. त्या बाटली तिच्या तोंडात घालणार, तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरांचा फोन लागला. सासूबाई तेल पाजतायत म्हटल्यावर ते ओरडलेच, “तोंडात काही ओतू नका! तिला गिळता येणार नाही, फुप्फुसात जाईल. पोत्यांचा टेकू देऊन बसती ठेवा, मी निघालो.” त्यांनी येऊन शिरेतून कॅल्शियम दिलं. तासाभरात म्हैस उभी राहिली.

हे घडलं आणि पुढच्या रविवारी मी ते लिहायला बसले. भाचीचं ऐकून पहिलीच ओळ लिहिली, “काल रेडीला चाटणारी म्हैस आज डोळे उघडत नव्हती.” गार कान लिहिले, कुशीतली मान लिहिली, सासूबाईंची घालमेल लिहिली. आणि शेवट असा केला: “सासूबाई तेलाची बाटली घेऊन पुढं झाल्या, म्हशीचं तोंड उघडलं...” खाली लिहिलं, पुढचा भाग बुधवारी.

सोमवारी सकाळी बघते तर आकडा कधी नव्हता एवढा चढलेला. खाली वाचणाऱ्यांच्या ओळी: “पुढं काय झालं?”, “लवकर टाका की.” मी भाकऱ्या थापत होते, फोन शेजारी ठेवला होता. नऊच्या सुमाराला आणखी एक ओळ वर आली: “अक्का, पुढं काय केलासा...” मी हसले, पिठाच्या हातानं फोन उलटा ठेवला आणि कामाला लागले.

तो सगळा निरोप वाचला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावातल्या बाईनं लिहिला होता. “अक्का, पुढं काय केलासा सांगा. आमची म्हस परवा व्याली, आज तशीच पडलीया. मान कुशीत हाय. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेल्यात. तेल पाजू का?”

तिच्या निरोपाला पाच तास होऊन गेले होते. मी लगेच लिहिलं, तेल पाजू नका, टेकू देऊन बसती ठेवा, दुसरे डॉक्टर बोलवा. माझा नंबर दिला. मग नुसती वाट बघत बसले. उत्तर नाही. लेखाच्या सुरुवातीलाच घडलं ते सगळं लिहून टाकलं. पण ज्यांनी आधीच वाचलं ते परत कशाला बघतील, असं मनात येत राहिलं.

संध्याकाळी धार काढताना माझं लक्ष नाही हे सासूबाईंनी ओळखलं. सांगितल्यावर त्या खालीच बसल्या. “म्हंजे मी बाटली घेऊन आलो हुतो, एवढंच लिवलंस? डॉक्टरनी थांबवलं ती न्हाय लिवलं?”

“बुधवारी लिहिणार होते.”

“बुधवारपतुर म्हस थांबती व्हय गं?”

त्या रात्री दोघींनीही नीट जेवण केलं नाही.

मंगळवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच बाई होती. मी ‘हॅलो’सुद्धा धड म्हटलं नाही. “म्हैस कशी हाय?” एवढंच तोंडातून निघालं.

“हाय, जित्ती हाय. डॉक्टर आलते, सलाईन लावल्यावर उठली. पर तेल पाजल्यापासनं खोकतीया. छातीत गेलंय म्हणाले. इंजेक्शनं चालू हाईत.”

“तेल पाजलं तुम्ही?”

“तुमच्या सासूनं पाजलं म्हणून मी बी पाजलं. सगळं एकदम लिवला असता तर मी वतलं नसतं की.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी काही बोलायच्या आत, शेजारी कान देऊन ऐकणाऱ्या सासूबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला. “बाई, मी पाजलं न्हाय गं. मला डॉक्टरनी आडवलं. हिनं अर्धंच लिवलं.” मग दोघी बराच वेळ बोलत राहिल्या, खोकणाऱ्या म्हशीला काय खायला घालायचं, गोठ्यात वारं किती येतं, डॉक्टरांनी काय काय सांगितलंय. मी शेजारी उभी होते.

दहा-बारा दिवस आम्ही रोज फोन करत होतो. म्हैस वाचली. दूध मात्र त्या वेताला, म्हणजे ती पुन्हा व्यायेपर्यंत, निम्म्यावर आलं. ते ऐकल्यावर माझ्या तोंडून “माझं चुकलं” निघालं. ती म्हणाली, “व्हय, चुकलंच. आता नीट लिवा.”

आता मी आजारपणाचं लिहिते तेव्हा काय करायचं आणि काय करायचं नाही, ते पहिल्या दोन ओळींत लिहिते. भाची म्हणते, मामी, मग पुढं कोण वाचणार? वाचणारे कमी झालेत, हे खरंच आहे. आकडा बघून अजून वाईट वाटतं, ते काही गेलं नाही. पण लेख टाकण्याआधी तो सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवते. त्या मध्येच थांबवून विचारतात, “आणि मग?” त्या विचारायच्या थांबल्या की मगच मी बटण दाबते, आणि फोन सुलटा ठेवून भाकऱ्यांना बसते.