फादर बेटर

माझ्या सासऱ्यांना मी एकदा तारेने आजारी पाडले आणि एकदा तारेनेच बरे केले. दोन्ही वेळी ते मळ्यात उसाला पाणी पाजत होते.

मी तासगावच्या कचेरीबाहेर अर्ज लिहीत असे. शिक्षण इंग्रजी दुसरीपर्यंत (पुढे शाळाच कमी पडली!). दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात फौजेतल्या मेव्हण्याचे, पांडुरंगाचे, लग्न ठरले. साध्या अर्जाला फौज रजा देत नाही, हे मीच सर्वांना ठासून सांगितले. आमच्याकडे त्यावर ठरलेला उपाय होता : ‘फादर सीरियस’ अशी तार. मी ती पांडुरंगाच्या पलटणीतल्या साहेबाला केली. रजा मंजूर झाली!

येथे थांबलो असतो तर! पण धडधाकट सासऱ्यांना सीरियस लिहिल्याचे मनाला डाचू लागले. शिवाय ‘बेटर’ हा माझा लाडका शब्द. पीक, हवा, वर्तणूक, प्रकृती, कशालाही लावा, शोभतो. कालच्यापेक्षा बरे म्हणा की शेजाऱ्यापेक्षा बरे, काम तोच भागवतो! मी त्याच साहेबाला स्वखर्चाने दुसरी तार ठोकली : ‘फादर बेटर.’

लग्न चार दिवसांवर आले आणि पांडुरंगाची तार आली. मी ती मांडवात खणखणीत वाचली, “वडील बरे, सबब रजा रद्द!”

सासूबाईंनी हळदीचे ताट खाली ठेवले.

“मी बरा हाय, ह्ये सायबाला कुणी सांगितलं?” सासऱ्यांनी विचारले.

“मी, मामा. प्रकृतीस उतार पडल्याचे रीतसर कळवले.”

“आवं पावणं, लगीन हुईस्तवर तरी पडू द्यायचं हुतं की मला!”

“आता हळद काय मांडवाच्या खांबाला लावायची व्हय?” आमची सौभाग्यवती कडाडली.

सासरे पुन्हा सीरियस होणे पटण्याजोगे नव्हते. तेव्हा घराण्याच्या अब्रूसाठी मी स्वतःलाच मरणपंथाला लावले. ‘सिस्टर्स हजबंड सीरियस’ अशी तार केली आणि भर उन्हाळ्यात घोंगडे पांघरून पडलो (चौकशी आली तर!).

उत्तर आले : बहिणीच्या नवऱ्यासाठी रजा नाही.

सौभाग्यवतीने घोंगडे ओढले. “उटा! तुमी मेला तरी कुणाला सुट्टी न्हाई!”

लग्न दोन महिन्यांनी, पुढल्या मुहूर्तावर झाले. त्या खेपेस पांडुरंगाने मला न विचारता स्वतःच अर्ज लिहिला होता. एकच ओळ, तीही मराठी वळणाच्या हिंदीत : ‘मेरा लगीन है.’

साहेबाने रजा तर दिलीच, वर आहेरही पाठवला.